सुईच्या नावावर

माझ्या टेबलाशी येणारी बाई बाही वर करता करता आधी मागे वळून बघते. कोणी पुरुष ऐकत नाही ना, याची खात्री झाली की पुढे वाकते आणि विचारते, "सिस्टर, मागच्या सुईनंतर माझी पाळी लांबली होती. त्यानं काही होत नाही ना?"

मी लस टोचायला लागून तेव्हा आठ महिने झाले होते. शाळेचा हॉल, चार टेबलं, बर्फाची पेटी आणि टोचून झाल्यावर अर्धा तास बसायच्या खुर्च्या. कॉम्प्युटरवाला नाव लिहून घ्यायचा आणि मी टोचायची. नंतर त्रास झालाच तर त्याच्या नोंदीचा एक फॉर्म होता. त्यात ताप होता, डोकेदुखी होती, खांदा दुखणं होतं, चक्कर होती. पाळी नव्हती. मोठ्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, "बायकांचं काही ना काही चालूच असतं हो सिस्टर. लिहीत बसू नका. आधीच अफवा कमी आहेत का?"

अफवा कमी नव्हत्या हे खरंच. सुई घेतली की मूल होत नाही, असं एक बाई दुसरीच्या कानात सांगायची आणि हॉलबाहेरची अर्धी रांग घरी जायची. इकडे रांग म्हणणार सगळं वाटोळं होतं, तिकडे साहेब म्हणणार काहीच होत नाही, आणि मधे मी. माझा स्वभाव मुळात आडमुठा आहे. लिहू नका म्हटलं की माझ्या हाताला पेन सापडतं. दोनशे पानी वही आणली आणि लिहायला लागले. कोणाची चार दिवस लांबली, कोणाची लवकर आली, कोणाच्या अंगावरून जास्त गेलं, पुढच्या महिन्यात काय झालं. तीनशे अकरा बायका झाल्या. जवळजवळ सगळ्यांची गाडी पुढच्या महिन्यात रुळावर. म्हणून मी प्रत्येकीला छातीठोकपणे सांगायची, "दोन-चार दिवस इकडेतिकडे होतं, फार तर आठवडा. घाबरायचं नाही. मूल होण्याशी त्याचा काही संबंध नाही."

बायकांचे चेहरे सैल व्हायचे. मला बरं वाटायचं. बरं कसलं, गर्व वाटायचा. साहेबांना कळत नाही ते मला कळतं, असा.

माझ्या धाकट्या बहिणीलाही मीच टोचलं. तिला मी ढब्बू म्हणते. लहानपणी गुबगुबीत होती. आता काडी झालीय, पण नाव सुटत नाही. ती एका बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवते. नवरा तिथेच कटिंग मशीनवर. आमची आई त्याला जावईबापू म्हणायची, तेच मी उचललं, आणि तोही हसून ऐकून घेतो. नऊ वर्षं दोघं मुलासाठी दवाखान्यांचे उंबरे झिजवत होते. तिची एक गर्भनळी जुन्या दुखण्यात बंद झालेली, दुसरीवर सगळी भिस्त. दर महिन्याला ती दिवस राहिलेत का बघायची पट्टी आणायची, सकाळी बाथरूममध्ये जायची, आणि बाहेर आली की चहा ठेवायची. चहा कपात ओतेपर्यंत काही बोलायची नाही. जावईबापूंना त्यावरूनच कळायचं. मागच्या वर्षी तिनं सगळ्या उरलेल्या पट्ट्या माझ्या हवाली केल्या आणि म्हणाली, "ताई, बास. आता घरात ही वस्तू नको."

सुईनंतर आठवड्याभरानं पाळीची तारीख होती. ती गेली. चार दिवस गेले, सहा गेले. ढब्बूचा फोन आला. आवाज दाबलेला, पण मला तो ओळखू येतो. आशा लागली की ती हळू बोलते, मोठ्यानं बोललं तर उडून जाईल असं.

"ताई, सहा दिवस झाले. पट्टी आणू का?"

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. देवानं विसरायची सोय मला दिलेली नाही.

"कशाला गं? सुईचं आहे ते. माझ्याकडे रोज दहा जणी येतात. उगाच पट्टी आणशील आणि परत चार दिवस रडशील. थांब जरा."

ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

मला तिला वाचवायचं होतं. सकाळच्या त्या चहापासून वाचवायचं होतं. ह्यात खोटं काही नाही, पण ह्यानं काही भरूनही येत नाही.

आठेक दिवसांनी तिचा निरोप आला. "आली एकदाची. थोडं थोडंच जातंय." मी लिहिलं, "बघ, म्हटलं नव्हतं?" आणि वर एक हसरं तोंडही पाठवलं. रात्री वही काढून तिची नोंद केली. तीनशे बारावी. लांबली, अकरा... नाही, नीट मोजलेही नाहीत मी. "बरेच दिवस" असं लिहिलं. परक्या बायकांचे दिवस मी बोटं मोजून लिहायची आणि सख्ख्या बहिणीचे "बरेच". दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुढचं सगळं त्यानंतर चौथ्या दिवशी झालं.

सकाळी अकराला हॉल भरलेला होता. तिचा पहिला फोन आला तेव्हा माझ्या एका हातात सिरिंज होती. फोन खांदा आणि कानाच्या मधे धरला.

"ताई, पोटात फार दुखतंय गं. कारखान्यात बसवत नाही."

"पाळीत दुखणारच. उशिरा आलीय ना, जोर काढतेय. घरी जा, गरम पाण्याची पिशवी घे."

"हं."

पाऊण तासानं परत. ह्या वेळी आवाज बारीक. "घरी आलेय. आता खांदा पण दुखतोय. श्वास घेतला की जास्त."

आणि मी हसले. खरंच हसले. समोरच्या बाईला डोळ्यांनी "बघा" अशी खूण करून हसले. "अगं, लस घेतलेल्या सगळ्या जगाचा खांदा दुखतो. पडून राहा. मी चारला सुटले की येते."

आठ महिने रोज शंभर बायकांच्या तोंडून मी "खांदा दुखतो" ऐकत होते. त्या दोन शब्दांना माझ्याकडे एकच उत्तर तयार होतं. पोपटासारखं.

समोर नवी बाई बसली. मी विचारलं, "कोणता हात?"

"डावाच द्या. मागच्या वेळी डाव्यातच घेतली होती. दोन दिवस दुखला, मग काही नाही."

दोन दिवस.

ढब्बूला टोचून सव्वीस दिवस झाले होते.

मी सुई टोचली, कापूस दाबला, आणि माझं बोट त्या कापसावरच राहिलं. लशीच्या आधी बारा वर्षं मी बायकांच्या ओपीडीत काढली आहेत. शिकाऊ मुलींना ओरडून ओरडून शिकवलंय: पाळी चुकलेली, थोडं थोडं जातंय, पोटात कळ, आणि खांदा दुखतोय, अशी बाई दारात आली तर तिला बसू देऊ नका, थेट आत न्या. गर्भ नळीत राहिलाय आणि नळी फुटलीय. पोटात साठलेलं रक्त वर छातीखालच्या पडद्याला लागतं म्हणून खांदा दुखतो. हे मी शिकवायची. मी! लोका सांगे ब्रह्मज्ञान.

फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला.

जावईबापूंना लावला. कटिंग मशीनच्या आवाजात त्यांना काही ऐकू येत नव्हतं. "घरी जा!" मी ओरडले. हॉलमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "आत्ता! पळत! दार लावलेलं असेल तर तोडा!"

मग ॲम्ब्युलन्सला फोन केला, पत्ता सांगितला. आणि मग मी जे केलं ते आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

टेबलावर कुपी उघडलेली होती. एका कुपीत दहा डोस असतात. ती एकदा उघडली की काही तासांत संपवायची, नाही तर फेकायची, आणि फेकलेल्या प्रत्येक डोसचं कारण लिहून द्यायचं. तीन डोस उरले होते. तीन बायका बाह्या वर करून बसल्या होत्या. मी त्या तिघींना टोचलं. कापूस दिला, "अर्धा तास बसा," म्हटलं, सुया डब्यात टाकल्या. मला वाटत होतं, जावईबापू निघालेत, गाडी निघालीय, मी सहा मिनिटं आधी निघून काय होणार? असं वाटत होतं का खरंच? का हात आपला सवयीनं चालला आणि डोक्यानं नंतर कारण शोधलं? मला माहीत नाही. बारा वेळा स्वतःला विचारून झालंय. कुपी रिकामी झाली तेव्हाच मी उठले.

रस्ता तुडुंब भरला होता. रिक्षा हलेना. मी उतरून पळत सुटले. पन्नाशीला आलेली, वजनदार, पांढऱ्या कपड्यातली बाई भर दुपारी फुटपाथवरून धावतेय, लोक बाजूला होत होते. एकानं विचारलं, "काय झालं सिस्टर?" मी पळत राहिले.

मी पोचले तेव्हा गाडी दाराशी होती. तिला खाली आणत होते. दार तोडावं लागलं नव्हतं. ती बाथरूमबाहेर फरशीवर सापडली, असं जावईबापूंनी सांगितलं. ओठ कागदासारखे पांढरे. हात धरला तर गार आणि घामेजलेला. नाडी बोटाखाली नुसती पळत होती. मी गाडीत चढले आणि तिच्या कानाशी बोलत राहिले, काय बोलले देव जाणे. तिनं एकदा डोळे उघडले. "ताई, उजवा दुखतोय," ती म्हणाली. "सुई डाव्यात दिली होतीस ना?"

हॉस्पिटलात तिला सरळ आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं, विचारलं, "शेवटची पाळी कधी?"

मी सांगितली. त्यांनी मनात हिशेब केला. "म्हणजे तारखेच्या वर अठरा दिवस. टेस्ट केली होती?"

"नाही."

"का?"

मी नर्सच्या कपड्यात उभी होते. त्यांनी माझ्या कपड्यांकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

अठरा दिवस. माझ्या वहीतल्या तीनशे अकरा बायकांपैकी एकीचेही अठरा नव्हते. उत्तर माझ्याच पर्समध्ये होतं, माझ्याच अक्षरात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि त्या वळशात माझी बहीण मरायला टेकली.

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. जावईबापूंच्या केसांत कागदाचा भुसा होता. बोटांवर खळ वाळली होती, ती ते नखानं काढत होते. तास झाला. रक्ताच्या दोन पिशव्या आत गेल्या, मग तिसरी. ती गेली तर मी जगणार नाही, असं मी मनात म्हणत होते आणि त्याच वेळी मला ठाऊक होतं की जगेन. लोक जगतात. उद्या हॉलमध्ये जाईन आणि टोचेन. ह्या विचाराची मला इतकी शिसारी आली की मी उठून भिंतीला डोकं टेकून उभी राहिले.

"ताई," जावईबापू मागून म्हणाले. "एक विचारू? सुईमुळे झालं का हे?"

मी वळले. ते वर बघत होते. डोळ्यांत राग नव्हता, नुसती विनवणी होती. कोणाच्या तरी नावावर हे टाकायला मिळालं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. आणि मला तर किती सोपं गेलं असतं! नुसती मान हलवायची होती. अर्धं गाव तेच म्हणत होतं. कोणीही मला पुन्हा काही विचारलं नसतं.

"नाही," मी म्हणाले. "सुईचा काही दोष नाही. गर्भ नळीत राहिला. तसा तो कोणाचाही राहू शकतो, आणि तिची एक नळी आधीच खराब होती, तिला धोका जास्तच होता. ती मला म्हणाली होती, पट्टी आणू का. मी नको म्हटलं."

त्यांनी खळ काढायचं थांबवलं.

"तुम्ही नको म्हणालात?"

"हो."

"मला म्हणाली होती ती, ताईला विचारलंय म्हणून." ते बाकावर जरा सरकून बसले. माझ्यापासून लांब. एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. त्या दीड हात जागेकडे मी बघत राहिले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. जीव वाचलाय, म्हणाल्या. नळी काढावी लागली. दुसरी बंदच आहे, हे त्यांनी कागदांत वाचलं होतं, त्यामुळे पुढचं त्या बोलल्या नाहीत. जावईबापूंनी मान हलवली, दोनदा "थँक्यू" म्हणाले, आणि मग बाकावर बसून तोंड तळव्यांत धरून लहान पोरासारखे रडले. माझा हात त्यांच्या पाठीवर ठेवायला पुढे झाला आणि तसाच मागे आला.

संध्याकाळी तिला वॉर्डात आणलं. जावईबापू औषधं आणायला खाली गेले होते. खिडकीजवळची खाट होती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी भिंतीकडे तोंड करून घोरत होती. ढब्बूनं डोळे उघडले, जीभ ओठांवरून फिरवली.

"काय झालं होतं मला?"

मी सांगितलं. सगळं. नळी, रक्त, शस्त्रक्रिया. ओल्या कापसानं ओठ पुसत पुसत सांगितलं, म्हणजे तिच्या डोळ्यांत बघावं लागलं नाही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "नळीत राहिला होता."

"हो."

"म्हणजे राहिला होता."

माझा हात थांबला.

"किती दिवसांचा?"

"साडेसहा आठवड्यांचा."

ती छताकडे बघत होती. तेवढ्या दिवसांत तिनं किती फर्मे शिवले असतील, किती गठ्ठे उचलले असतील, आणि मी तिला एक हसरं तोंड पाठवलं होतं.

"पट्टी आणली असती तर वाचला असता?"

"नाही." हे खरं होतं. इथेच थांबले असते तरी ते खरंच राहिलं असतं. "नळीतला गर्भ वाचत नाही, ढब्बू. कोणाचाच नाही. पण लवकर कळलं असतं तर कदाचित नुसत्या औषधावर भागलं असतं. कदाचित नळी राहिली असती. माझ्यामुळे गेली ती."

तिनं तोंड फिरवलं. खिडकीबाहेर पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी मागे घेत होतं, ती पीं पीं करत होती. गाडी लागली, दार आपटलं, माणूस निघून गेला. मला वाटलं आता ती म्हणेल, जा इथून. मी पर्स उचललीसुद्धा.

"ओपीडीत होतीस तेव्हा बायकांना कसं सांगायचीस?" तिनं विचारलं, तोंड तिकडेच.

"काय?"

"पट्टीवर दोन रेघा आल्या की. काय म्हणायचीस त्यांना?"

"तू झोप आता."

"सांग ना."

"हात धरायची. म्हणायची, गोड बातमी आहे."

"मग मला सांग."

"ढब्बू, नको गं असं करूस."

"नऊ वर्षं सगळ्यांच्या ऐकल्या मी." आवाज फुटत होता आणि टाके ताणून तिला दुखत होतं, हे दिसत होतं मला. "कारखान्यातल्या एकेका पोरीची ऐकली. माझी होती तेव्हा मला एक दिवस मिळाला नाही, ताई. एक सकाळसुद्धा नाही. तू दिला नाहीस. आता दे."

मी खाटेच्या कडेवर बसले. सलाइन लावलेला हात सोडून दुसरा हात धरला. ओपीडीत धरायची तसा, दोन्ही हातांत. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा आवाज निघाला.

"गोड बातमी आहे," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. "खरंच?"

"खरंच."

ती हसली. थोडंसंच, ओठ कोरडे होते म्हणून. मग हळू आवाजात, मोठ्यानं बोललं तर उडून जाईल असं, तिनं विचारलं, "तारीख कधीची?"

शेवटच्या पाळीवरून बाळंतपणाची तारीख काढायला मला कागद लागत नाही. मी काढली, आणि तिला सांगितली.